तीन दिवसांचे दाणे

सात कोंबड्या, तीन दिवस.
एकीला रोजची मूठभर जोंधळ्याची कणी,
म्हणजे सात त्रिक एकवीस मुठी,
आणि माझ्या मुठीचा भरवसा नाही म्हणून वर दोन.
पाण्याला पितळी नको, ती उलटवतात;
जुन्या कुकरचं भांडं, मधे वीट.
एवढं सगळं जमलं.
दाराचं जमेना.

उघडं ठेवावं तर मुंगूस.
बंद ठेवावं तर एप्रिलचं ऊन, आणि वर पत्रा.
ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेत, तारीख मिळालेली,
रिक्षा गल्लीच्या तोंडाला हॉर्न मारत उभी,
आणि मी खुराड्यापुढं काथ्याचा तुकडा घेऊन.

बांधलं. दोन गाठी, वर एक फास.

निंगव्वाला सांगता आलं असतं.
पण मोरीच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद,
गेल्याच्या आदल्या गणपतीपासून.
वडगावात एका भिंतीला दोन घरं,
तिच्या मागाचा खटखटाट माझ्या ताटाखाली वाजतो,
तरी बंद म्हणजे बंद.

नाहीतर आमचं सुरूच मुळी कोंबड्यांवरून झालेलं.
चंदगडहून नवी नवरी आले, तेव्हा भिंतीवरून तिनं विचारलं,
‘कोळी अदावेन?’
मी आढ्याकडं बघितलं, कुठं जाळं दिसतंय काय म्हणून.
ती हसून हसून भिंतीला टेकली.
मग हातांचे पंख केले, मान पुढं-मागं केली,
आणि संध्याकाळी पदराखालून एक तलंग आणून सोडली.
आत्ताच्या सातही तिच्याच वंशातल्या.

घटप्रभा गेलं, रायबाग गेलं.
ह्यांनी डबा सोडला, मी मनात मुठी मोजत होते.
कुडचीला कृष्णेचं पाणी तळाला गेलेलं,
आणि मला ते कुकरचं भांडं दिसलं.
‘काय करुलालीत हो ती?’
‘कोण?’ हे म्हणाले, भाकरी चावत.

रात्री वॉर्डात ओळीनं पट्ट्या बांधलेले डोळे,
आणि माझे दोन उघडे.
डॉक्टरांनी एक दिवस वाढवला.
माझ्या हिशेबात तो नव्हता.

परत आले तर गाठ माझी नव्हती.
चपटी, टोकं आखूड,
तुटला धागा सांधताना मागावर मारतात तसली.
आत सात. भांडं काठोकाठ.
पत्र्यावर पोतं, अजून ओलं.
आणि अंडं एकही नाही.

खोटं कशाला बोलू, थांबले ती तिथंच.
चार दिवस, कमीत कमी चौदा.
म्हटलं, घेतलीन वसूल करून.

कोपऱ्यातली बांडी तेवढी उठेना.
हात घातला तर टोचली.
खुडूक बसली होती, खाली उसाचं पाचट नीट अंथरलेलं,
पाचटात तेरा अंडी,
प्रत्येकावर कोळशानं एकेक कानडी आकडा.
बसच्या पाट्यांवरून दहापर्यंतचे मला येतात,
पुढचे तीन अंदाजानं वाचले.
चौदावं तिनं खाल्लं असेल. खाऊ दे.

माग थांबला.
पलीकडून आवाज आला, माझ्याशी की कोंबडीशी
कळू नये असा:
‘इप्पत्तोंद दिवस.’
मी म्हटलं, ‘बरं.’

आज सोळावा.
त्या एका ‘बरं’नंतर पुन्हा कुणी काही बोललेलं नाही.
बांडी दिवसातून एकदाच उठते, घाईघाईनं दाणे टिपते,
परत जाऊन पसरते.
मोरीचं पाणी अजून निंगव्वाच्याच दारात जातंय.
ह्यांना नव्या डोळ्यानं आता चांगलं दिसतं.
काल मोरीपाशी वाकून बराच वेळ बघत होते,
म्हणाले, उतार आपलाच चुकलाय.