हातगुण

माझ्या हाताला गुण आहे, असं बेळगुंदीत म्हणत.
पहिलटकरीण लाथ झाडते, पान्हा चोरते,
बोलवा पारुअक्काला.
मी जायची. कासेवर ओला हात फिरवायची,
थोडं बोलायची, पाडसाशी बोलावं तसं,
आणि चरवीत धार वाजायची.

भरमाण्णाच्या एचेफला आधी झालं.
मागचा उजवा सड, तापलेला, कठीण.
दुधात फुटक्या दह्यासारखे कण.
कुणी म्हणालं दृष्ट. गोठ्याच्या दाराला
मिरच्या बांधून झाल्या, हळद लावून झाली.
मग गंगव्वाची जर्सी.
मग रेमाण्णाची, नुकती व्यालेली.
मग माझी मोरणी.

आम्ही म्हणत होतो दगडी.
डॉक्टर बडिगेर म्हणाले, केच्चलबावु.
चार वाट्यांच्या पळीत चार सडांचं दूध घेतलं,
वर जांभळं औषध ओतून पळी गोल फिरवली.
एक वाटी पाण्यासारखी हलत राहिली.
तिघींत पेज धरली.

नमुने मी नेले बेळगावला,
डब्यात आइसकांडीवाल्याकडचा बर्फ,
डबा मांडीवर, अख्खी एसटी वास घेत होती.
पाचव्या दिवशी रिपोर्ट आणायला गेले
तर तिथल्या पोरीनं काचेची ताटली उजेडात धरली.
लाल थरावर पिवळे ठिपके,
लहान, गोल, सोनाराच्या हातून सांडल्यासारखे,
भोवती रक्त विरघळून झालेलं स्वच्छ कडं.
नाव लांबलचक होतं, इंग्रजीत.
ती म्हणाली, दुर्बिणीतून द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो.
कासेत गाठी करून बसतो,
औषध दारावरनंच माघारी येतं.

आवडलं मला ते. खोटं कशाला बोलू,
सुंदर होतं.

संध्याकाळी डॉक्टर वही काढून बसले.
शेण, पाणी, खाली काय अंथरता,
एकेक विचारत गेले.
शेवटी विचारलं,
सकाळी पहिल्यांदा कुणाच्यात जाता?
भरमाण्णाच्यात, म्हटलं.
मग?
गंगव्वा. रेमाण्णा. मग घरी येऊन आपली.
त्यांचा पेन थांबला.
मी माझ्या हातांकडे बघितलं.

रताळी काढताना चिरलेली बोटं.
अंगठ्याच्या बेचक्यात एक भेग,
दोन महिने भरत नव्हती,
रोज दुधात भिजायची, मऊ पडायची,
बरं वाटायचं.
पदराला पुसायची मी हात. एकाच पदराला.
चार गोठे, एक पदर.

कैय तोळकोरी, अक्का, एवढंच म्हणाले ते,
हळू, जणू मीच आजारी होते.

आता गायीगणिक फडकं वेगळं.
पहिली धार काळ्या कापडावर, गाठी दिसतात का बघायला.
दूध काढलं की आयोडिनच्या वाटीत सड बुडवायचा,
रंग काढ्यासारखा.
दुखणाईत गाय सगळ्यात शेवटी.

सांगायला तर हवं होतं.
भरमाण्णा गव्हाणीत वैरण टाकत होता.
मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले,
सगळं सांगितलं, रिपोर्ट, भेग, पदर.
तो ऐकत होता की नाही कळेना.
वैरण संपली तसा म्हणाला,
बरं. हात धुऊन ये. गाय खोळंबलीय.

धुतले. साबणानं, कोपरापर्यंत.
बसले. तिनं शेपटी मारली नाही.
तीन सडांनी दूध दिलं.
चौथ्याला सवयीनं हात गेला,
लहान झाला होता,
वाळल्या शेंगेसारखा,
आणि तिला काही कळलं नाही.