सात वेढे

लोखंड आमच्या घरात आधीपासून होतंच.
डिचोलीला दोरीवरचे सदरे झटकले
की तांबडी धूळ भिंतीला जाऊन बसायची.
खाण बंद पडली, बाबांचा ट्रक विकला,
भिंती अजून तांबड्याच.

आता मी ते काचेच्या चंबूत करते.
दोन क्षार, एकास दोन, वरून अमोनियाचे थेंब,
नाकाला झोंबतं, आणि पिवळं पाणी
एका क्षणात काजळ होतं.
खाली लोहचुंबक धरलं
की सगळं काळं एका कोपऱ्यात अंग चोरून बसतं.
इतके बारीक कण, की केसाच्या जाडीत
काही हजार ओळीने मावतील.

पेशींना द्यायचे. पेशी गिळतात.
मग थाळी तांब्याच्या वेटोळ्यात ठेवायची.
वीज सेकंदाला लाखो वेळा उलटते,
कण तिच्या मागे उलटता उलटता तापतात.
त्रेचाळीस अंश. त्याच्या वर नको.
तापच तो, फक्त आतून चढवलेला.

वेटोळं कायतानने केलं, कुर्टीच्या दुकानात.
पूर्वी तो बार्जवर इलेक्ट्रिशियन,
मांडवीतून खनिज न्यायच्या त्या बार्जवर.
कॅटलॉगातली किंमत ऐकून हसला.
"एसीची नळी आहे माझ्याकडे. किती वेढे?"
सात.
नळीत वाळू भरून वाकवली, म्हणजे चेपत नाही.
हे मला कुठल्याच शोधनिबंधात सापडलं नव्हतं.

बिल परत आलं. जीएसटी नंबर नाही.

दुसरं वेटोळं घेऊन आला तो बांबोळीहून,
पिएदादची चौथी किमो आटोपून.
पिशवीत पेजेचा डबा, तसाच भरलेला.
"हे तिला कधी मिळेल?"
खरं ते सांगितलं: अजून थाळीतच आहे.
मग उंदीर. मग फायली. मग वर्षं.
तो कानशीने नळीचं टोक घासत राहिला,
टोक केव्हाच गुळगुळीत झालं होतं.

थाळ्या चार. एकीत कण आणि वीज,
एकीत नुसते कण, एकीत नुसती वीज,
चौथीला काहीच करायचं नाही.
"मग ती कशाला?"
तिच्याशिवाय बाकीच्यांचं काही कळत नाही.
कंट्रोल म्हणतात तिला.
"बार्जवर कंट्रोल म्हणजे सुकाणू," तो म्हणाला,
"इथे म्हणजे हात बांधून बघणं?"

पाहायचं म्हणाला. मी निळा रंग घातला.
मेलेली पेशी निळ्याला आत येऊ देते,
जिवंत असली तर दार लावून घेते.
बराच वेळ तो भिंगाला डोळा लावून होता.
"निळ्या खूप आहेत."
बासष्ट टक्के. एकदाच आलेत, पुन्हा करायचंय.
"पण ह्या कुणाच्या?"
एका सिस्टरच्या. परदेशी कॉन्व्हेंटमधल्या.
त्या जाऊन पन्नासावर वर्षं झाली.
त्याने डोळा काढला नाही, टोपी काढली.
"आणि ह्या अजून जेवतात?"
दर दोन दिवसांनी.
"तिच्या घरच्यांना ठाऊक आहे?"

चवथीच्या दिवशीही मी येते.
ताळगावच्या पठारावर बस नसते,
पातोळ्यांचा डबा चालत आणते, फ्रीजमध्ये ठेवते,
पेशींच्या फ्रीजमध्ये नाही.
इन्क्युबेटर सदतीस अंशांवर घुमतोय.
पिवळा पडलेला जुना रस ओढून काढते,
नवा गुलाबी घालते, वासराच्या रक्ताचा अंश त्यात,
ज्यांना उद्या तापवायचंय त्यांनाच.
झाकणावर लाइनचं नाव, तारीख, कितवी पिढी.
त्यानंतरही बोटभर जागा उरते.

दुसऱ्या दिवशी बासष्टचे एक्केचाळीस आले.
कायतानला फोन केला.
एखादा वेढा सैल झाला असेल, म्हणाला, येतो.
आधी बांबोळीला जाऊन येतो.