खिळ्यावरच्या किल्ल्या

दर गुरुवारी अकराच्या सुमारास
मी डिंफ्नाच्या दाराशी ट्रक मागे घ्यायचो
आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "भिंत सांभाळ!"
एकवीस वर्षांत एकदाच लागली ती भिंत.
माझ्याबद्दल गावानं तेवढंच लक्षात ठेवलं.

गाव म्हणजे एक वळण, एक चर्च,
आणि आयर्लंडच्या पश्चिमेचा तो आडवा पाऊस.
पोस्ट गेलं. पोलीसचौकीत आता
डब्लिनचं एक जोडपं उन्हाळ्यापुरतं येतं.
उरला होता हा पब:
अर्ध्यात बिअर, अर्ध्यात किराणा,
एकाच काउंटरवर चहाची पुडी, मेंढ्यांचं जंतांचं औषध,
मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली शववाहिका,
कारण तिचे वडील गावाच्या शवपेट्याही ठोकायचे.

मी स्वतः पीत नाही. सोडून चौदा वर्षं झाली.
पिंपं उतरवून झाली की ती किटलीतला काळा चहा पुढे सरकवायची.
का सोडली, कधी विचारलं नाही.

मॅलकी आठवड्याचं बोलणं इथेच बोलायचा.
डोंगरावर कुत्र्याशी बोलतो ते वेगळं.
तीन तासांत एक ग्लास.
"ह्याच्या पिण्यावर माझं दिव्याचं बिलही निघत नाही,"
ती त्याच्या तोंडावर म्हणायची.
पण एका मंगळवारी तो आला नाही,
तेव्हा गल्ला उघडा टाकून तीच चढण चढून गेली.
गोठ्यात सापडला, मांडीचं हाड मोडलेलं,
कुत्रं छातीवर पसरून ऊब देत होतं.

बंद का केलं, ह्याला ज्याची त्याची कारणं.
फिंटन म्हणतो, गाडी चालवणाऱ्यांचा कायदा.
अॅट्रॅक्टा म्हणते, सुपरमार्केटातली स्वस्त खोकी.
डिंफ्ना म्हणते, गुडघे.

शेवटच्या गुरुवारी मी आणलं काही नाही,
रिकामी पिंपं तेवढी न्यायला गेलो.
ती स्टुलावर चढून बाटल्यांमागची फळी काढत होती.
फळीवर सतरा खिळे, सतरा किल्ल्या.
घरटी एक, जादाची.
नाव कशावरच नाही.
कुठला खिळा कुणाचा, हे तिच्या हाताला पाठ.

एकेक जण पुढे आला, खाली बघत,
मास्तरांनी जप्त केलेला चेंडू
वर्ष संपताना परत मिळावा तसा.
तीन किल्ल्या मेलेल्यांच्या निघाल्या.
एक अशा घराची, ज्याला आता दार नाही, छप्परही नाही.
ती तिनं एप्रनच्या खिशात टाकली.

मॅलकीनं मात्र हात पुढे केला नाही.
"घेऊन काय करू? माझी माझ्या खिशात आहे.
ही दुसऱ्याकडे असायसाठी होती."

"दुसरं म्हणजे कोण रे आता?"

फ्रिज बंद केलेला. त्याची घरघर नाही
म्हणून की काय, सगळ्यांचं गप्प बसणं ऐकू आलं.
मग त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, अहो, मी साठ किलोमीटरवर राहतो,
ह्या रस्त्याला आता माझं काम नाही.
तो म्हणाला, "तुला भिंत माहीत आहे."

किल्ली ट्रकच्या राखदाणीत पडून असते.
खड्डा आला की वाजते.
मधले पाच गुरुवार मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

सहाव्या गुरुवारी पावसात ते वळण घेतलं.
खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं लावलेली,
पाटी उतरवलेली, तिच्या जागी भिंतीवर
जरा स्वच्छ असा एक चौकोन.
सवयीनं ट्रक मागे घेतला.
कुणी ओरडलं नाही.

मागचा दिवा फुटला.
उतरलो. काचा गोळा करून टोपीत ठेवल्या,
किल्ली घेतली
आणि चढणीला लागलो.