शब्द टाकणे

पप्पा मिलच्या दारात अकरा महिने बदली म्हणून उभे राहिले.
जॉबर येई, बोटानं निवडी: तू, तू, तो मागचा.
ज्याची दस्तुरी पोचलेली असेल तो आत,
बाकीच्यांनी चिमणीकडे बघत घरी जायचं.
मला वाटतं त्यांचा धर्म तिथंच ठरला,
चर्चमध्ये नंतर त्यावर नुसता शिक्का बसला.
मध्यस्थ एकच, या वचनाखाली त्यांनी
लाल पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढलेली,
कागद फाटायचा तेवढा राहिला होता.
"देवाच्या दारात वशिला नाही, सुवार्ता.
चप्पल काढायची, सरळ आत जायचं. बास."

आणि मी लग्न केलं
रेल्वे लाइन्समधल्या आग्नेल मिनेझिसशी.

सासूबाईंच्या कपाटावर संत उभे,
उंचीप्रमाणे नाही, कामाप्रमाणे.
किल्ली हरवली की आंतोनी.
काहीच जमेनासं झालं की यूदा.
(तो पकडून देणारा नव्हे, दुसरा.
हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत.)
पप्पा पहिल्यांदा जेवायला आले,
वर बघत कडक भाकरी मोडली, म्हणाले,
"एवढे जॉबर?"

सासूबाईंनी शेंगाचटणी त्यांच्याकडे सरकवली.
"जॉबर कसले? शेजारी आहेत.
बुधवारच्या सभेत तुम्ही उठून सांगता ना,
माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणून?
सरळ देवालाच का नाही दाखवत गुडघा?"

"ती माणसं जिवंत आहेत."

"आणि ही?"

पप्पा पाणी प्यायले.
त्या थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.
"काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला,
तेव्हा त्याच्या कानावर कुणी घातलं? आईनंच ना?"
"त्यानं तिला काय उत्तर दिलं तेही सांगा."
"दिलं असेल. पण रांजण भरले की नाही?"

बाहेर त्रेचाळीस डिग्री. पंखा गरम हवा ढकलत होता.
पंधरा वर्षं ते दोघं हेच भांडले,
दर नाताळला, दर ईस्टरला,
एकदा तर टॉवेलच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

पप्पा गेले तेव्हा आमच्या पाळकांनी सांगितलं,
आता यांच्यासाठी काही मागायचं उरलं नाही,
हे पोचले.
सासूबाई मान हलवत ऐकत होत्या.
महिन्यानं त्यांच्या प्रार्थनेच्या वहीत
मला एक पावती सापडली:
शांतवन भालके यांच्या आत्म्यासाठी मिस्सा, रुपये शंभर.
पप्पांनी पाहिली असती तर
एकच शब्द बोलले असते. दस्तुरी.
मी ती होती तिथंच ठेवली.

या ऑक्टोबरात रूबेनला डेंग्यू झाला.
सिव्हिलचा व्हरांडा, रात्रीचे तीन,
प्लेटलेट एकोणीस हजार.
मी शिकवल्याप्रमाणे केलं.
चप्पल खरोखरच काढली, फरशी चिकट होती.
दार उघडंच असणार,
माझंच तोंड उघडेना.
बाजूच्या बाकावर सासूबाई बसल्या बसल्या झोपलेल्या,
अंगठा कुठल्याशा मण्यावर अडकलेला.

आणि मी म्हणाले,
"पप्पा, तुम्ही तिथं आहात ना जवळ.
जरा शब्द टाका."

म्हणाले आणि जीभ चावली.
लिफ्टपाशी कुणीतरी खोकलं,
मी दचकून उभीच राहिले,
पेपर फोडताना सापडलेल्या पोरीसारखी.

सकाळी आकडा आला, बावीस हजार.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप उतरला की चढतातच.
चढतातच. मी त्यांचेही आभार मानले,
बाकी कुणाकुणाचे मानायचे
ते अजून ठरवलेलं नाही.

सासूबाईंना हे सांगितलं नाही,
जिंकल्यासारखं हसल्या असत्या.
आग्नेलला नाही, पाळकांना नाही.
पप्पांना तर मुळीच नाही.

त्यांना कळलं असेल
तर कळलंच असेल.