दोन तास

पोराचं नाव सांगायला मला मनाई आहे.
एवढंच सांगते: वय सहा, मंगळवारी चार वाजता
अ‍ॅक्रिंग्टनच्या पोहण्याच्या तलावावर होता.
डोळे लाल, नाक वाहतं. आईला वाटलं, क्लोरीन.
शुक्रवारी कानामागे पुरळ.

पोरगं साडेपाचला घरी गेलं.
गोवर नाही गेला.
तो बसून राहिला कपडे बदलायच्या खोलीत,
ओल्या टॉवेलांच्या वासात, आणखी दोन तास,
दारातून जो येईल त्याची वाट बघत.

म्हणून शनिवारी, कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावरून,
मी लोकांच्या मंगळवारात शिरते.
किती वाजता आलात? केस तिथेच वाळवलेत का?
सोबत कोण? तान्हं होतं का कुणाचं?

एकेचाळीस नावं.
सात जण फोन आपटतात.
एक जण मला वीज कंपनीची समजून शिव्या घालतो,
मग पुरळ म्हटल्यावर आवाज खाली आणून म्हणतो,
थांबा, बायकोला देतो.

मिसेस एन्टविसल, वय चौऱ्याऐंशी:
मला झालाय गं पोरी. पडदे ओढून ठेवायचे तेव्हा.
डोरीनलाही झाला. तिला पुढे
दाराची घंटा कधी ऐकूच आली नाही.
माझ्या तक्त्यात डोरीनसाठी रकाना नाही.
कडेला लिहून ठेवते.

शगुफ्ताला सातवा महिना.
थोरलीला आणायला गेली होती. पाच मिनिटं, फक्त पाच.
लहानपणी लस टोचली होती?
ती गप्प. मीरपूरला आईला विचारते, म्हणते.
मी तोवर प्रयोगशाळेला फोन लावते,
जिथे शनिवारी संध्याकाळी कुणी उचलत नाही,
आणि आज कुणीतरी उचलतं.

क्रेगच्या बेथनीला एकही लस नाही.
मी वाचलंय, तो म्हणतो. काय वाचलंय ते सांगत राहतो.
मी ऐकते. मध्ये बोलत नाही.
मग विचारते, एकवीस दिवस तिला घरी ठेवाल?
एकवीस! आणि माझी व्हॅन तू चालवणार?

मिरजेला आमच्या गल्लीत गोवर आला की
दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा.
घरात फोडणी बंद. पाहुणा डहाळा बघून
चप्पल न काढताच वळायचा.
दूधवाला पातेलं उंबऱ्यावर ठेवून, हाक न मारता, पुढे.
विषाणू कुणाला ठाऊक होता!
पण डहाळा सगळ्यांना वाचता यायचा,
शाळेचं तोंड न पाहिलेल्या भागूबाईलासुद्धा.

इथे एक पत्र आहे, कौन्सिलच्या शिक्क्याचं.
शिक्क्याला कोण भीक घालतं?

मशिदीत नमाजानंतर पंजाबीतून सांगितलं गेलं, ते ऐकलं.
वजन उतरवणाऱ्या बायकांनी त्यांचा हॉल सोडला.
वाचनालयात, डायनासोरच्या पुस्तकांच्या मधोमध,
नर्स इफेओमा आधी बाहुलीला टोचायची, मग पोराला.
मिसेस एन्टविसलना लशीची गरज नव्हती,
त्या चहा ओतायला आल्या, आणि रांगेतल्या
प्रत्येक आईला डोरीन सांगत बसल्या.

क्रेगची व्हॅन सकाळी त्याचा मेहुणा नेऊ लागला.
परवा त्या रस्त्याने आले, तर त्याच्या दाराच्या कडीला
कुणीतरी किराणाची पिशवी अडकवलेली,
वरून सेलरीचा हिरवा पाला डोकावणारा.
लांबून मला वाटलं, डहाळाच.

तरी दोघांना झाला. एक फार तापला, पण उतरला.
तिसरं नाव आलं नाही.
शगुफ्ताचं रक्त चांगलं निघालं.
तिच्या आईला आठवत होतं: शाळेच्या पटांगणात, रडत.

बाविसाव्या दिवशी सकाळी सातला फोन.
उद्या, म्हणजे आज, पाठवू ना शाळेत?
पाठवा.
मागे बेथनी बूट जमिनीवर आपटत होती.
आणि लशीचं?
बघतो, म्हणाला.

तक्त्यात शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: बघतो.
आणि फाइल मिटली नाही.