सिलिंडरमुळे डिकीत जागा नाही

आधी ठरलं होतं, शुक्रवारी दुपारी निघायचं.
मग ह्रांत म्हणाला, नको, शनिवारी पहाटे.
शुक्रवारी गॅसपंपावर रांग असते,
आणि नळी लावली की सगळ्यांना उतरून
भिंतीपाशी उभं राहावं लागतं.
आईचे गुडघे उभे राहतील का तेवढं?
सासूबाई म्हणाल्या, गुडघ्यांसाठीच चाललोय ना जेर्मुकला,
मग आधी दुखू तरी द्या त्यांना.

विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहितेय मी.
मासिस ते जेर्मुक, एकशे सत्तरच्या आसपास.
मध्ये एक खिंड, वायकनंतर पुन्हा चढ,
न्वार्दला मळमळणार:
लिंबं दोन, कागदी पिशव्या.
लवाश, चीज, उकडलेली अंडी, मीठ पुडीत वेगळं.
टॉवेल पाच.
टॉवेल पाच कुठे ठेवायचे?
गाडीच्या सिलिंडरनं डिकी कधीच गिळलीय,
उरलीय ती जागा एका उशीची
किंवा एका बऱ्यापैकी भोपळ्याची.

सासूबाई बॅग मांडीवर घेणार.
तिच्यात तो चोचीचा पेला आहे,
अठ्ठ्याहत्तर साली गिरणीच्या युनियननं
चोवीस दिवस सॅनेटोरियममध्ये पाठवलं, तेव्हाचा.
पोकळ कानातून ओढून प्यायचं गरम पाणी,
लोखंडी चव दातांना लागू न देता.
दात आता त्यांचे नाहीतच.
तिथे ओळीनं दगडी रांजण आहेत,
कोमटापासून चटक्यापर्यंत,
आणि त्या प्रत्येकापाशी थांबणार आहेत, क्रमानं.
फुटला तर, म्हटलं.
फुटायचा तर तिथेच फुटू दे, म्हणाल्या,
त्यालाही हवापालट.

हॉटेल परवडत नाही. झाबेल नावाच्या बाईंची खोली मिळाली,
वरच्या मजल्यावर, शेगडीसकट.
फोनवर म्हणाल्या, तीन खाटा आहेत,
चौथी लावीन, मुलगी आजीजवळ झोपेल,
मुलगा किती लांब आहे तुमचा?
एक मीटर एक्क्याऐंशी, मी लगेच सांगितलं.
अहो, आईला इतकं नेमकं माहीत! त्या हसल्या.
मी हसले.
मागच्या मंगळवारी भरती कचेरीतल्या डॉक्टरनं
पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवून
मोठ्यानं वाचलेला आकडा तो.

आम्ही सगळे म्हणतो, जानेवारीच्या आत जाऊन येऊ,
जसा काही जानेवारीत रस्ता बंद होतो.
होतोही कधी कधी. बर्फ पडतो.
त्यामुळे कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

मागच्या सीटचा वाद तासभर चालला.
मधल्या जागेखाली उंचवटा, पाय कुठेच मावत नाहीत,
आणि तिथे बसतो म्हणाला अरेग,
ज्याचे पाय सगळ्यांत लांब.
तू खिडकीशी बस, बहिणीला म्हणाला,
तुला ओकायला बरं.
पुढच्या वेळी मी बसेन मध्ये, न्वार्द म्हणाली.
पुढच्या वेळी तर जागाच जागा असेल, असं
कुणीही म्हणालं नाही.
किटली उकळत होती, ती मी जरा जास्तच उकळू दिली.

येताना अरेनीत थांबायचं, हेही लिहिलं:
रस्त्याकडेला कोलाच्या बाटल्यांतून विकतात ती वाइन,
दोन, किंवा तीन, ह्रांतच्या भावाला एक.
तेवढ्यात ह्रांत,
ज्यानं वीस वर्षांत स्टिअरिंग कुणाच्या हाती दिलं नाही,
सख्ख्या मेव्हण्याच्याही नाही,
जो शेजारी बसला तर पायानं हवेत ब्रेक दाबतो,
नकाशा नसलेल्या टेबलावर बोट फिरवत म्हणाला,
वायकपासून पुढे तू चालव.

अरेगनं लायसन्स उन्हाळ्यात काढलंय.
अजून त्यावरचं प्लास्टिक सोललेलं नाही.
घाटात? त्यानं विचारलं.
घाटातच. सपाटीवर काय, गाढवही चालवतं.

सासूबाईंनी पेला बॅगेतून काढला,
मोज्यात घातला, पुन्हा ठेवला.

मी बिलावर दोन खोडून
लिंबं चार केली.