दोन दशांश

रुजाय पिशवीतून लाकडाची चकती काढतो
आणि थेट बिलबुकावर ठेवतो.
फणस. हळदीसारखा पिवळा, कडेला चीक अजून ओला.
"बघ गे बाय, ह्येका काय म्हणतत?"

एका कडेला चार बोटं जाड.
समोरच्या कडेला दोन.
पिंगुळीच्या मेस्त्रीने सात ओंडके परत पाठवले:
पखवाजाला तिरकं खोड चालत नाही,
आणि नाटकमंडळी दिवाळीनंतर बाहेर पडणार.
"म्हणता कसो, रुजाय, तुझो हात चळाक लागलो."

शिरोड्याहून कुडाळपर्यंत
हे वाक्य मांडीवर घेऊन तो एसटीत बसला असणार.

मी आधी दात बघते.
दोन्ही बाजूंचे सारखे, प्रत्येकाला मोजून पाच वेळा कानस,
त्याच्या बापाने कोयत्याला धार लावावी तसे.
मग चेन बारवर बसवते, ताणते,
आणि बोटाने नुसती बाजूला ढकलते.

ती कलते.
खाचेत उभी राहत नाही,
थोरल्या भावाच्या चपला घातलेल्या पोरासारखी
पुढे जाते, पण आपल्याच कलाने.

व्हर्निअर ड्रॉवरमध्ये, पावतीच्या कार्बनखाली.
खाच : दीड मिलिमीटर.
चेनचा खालचा पाय : एक पूर्णांक तीन.
पुन्हा मोजते. बारच्या टाचेशी, मध्ये, नाकाजवळ.
दीड. दीड. दीड.
बार झिजलेला नाही.

अठरा इंची बार, बहात्तर कड्या,
दोन्ही डब्यांवर हेच छापलेलं,
दोन्ही डबे एकाच रंगाचे, एकाच फळीवर,
आणि मार्च महिन्यात बाबा ओरोसच्या इस्पितळात,
माझ्या कानाला फोन, समोर पाच गिऱ्हाइकं.
मी इंच बघितले. कड्या मोजल्या.
जाडी कोण विचारतं?
कोणीच विचारत नाही. विचारायचं मी असतं.

"बार गेलो काय?" रुजाय विचारतो.
आणि दुकानात क्षणभर
फक्त पंखा फिरतो.
हो म्हटलं तर नवा बार खपतो,
तो दोन हप्त्यांत पैसे देईल,
मेस्त्रीला सांगेल, मशीनच बिघडलेलं,
सगळ्यांचं सगळं खाचेत नीट बसेल.

"बार बरो आसा," मी म्हणते.
"चेन मी चुकीची दिलंय."

तो चकतीकडे बघतो. माझ्याकडे नाही.
अंगठा जाड कडेवरून पातळ कडेकडे नेतो,
पुन्हा उलटा आणतो.
"म्हणजे हात नाय."
"हात नाय."
"परत सांग."
"हात नाय चळाक तुझो, रुजाय."

तेव्हा कुठे तो स्टुलावर बसतो
आणि चहा सांग म्हणतो, साखर कमी.

दीडची चेन मी नवी काढते, पैसे घेत नाही.
तेल लावून, फिरवून, पुन्हा ढकलून दाखवते.
हलत नाही. तरी हाताने ओढली की
पाण्यातल्या विरोळ्यासारखी सरकते:
एवढीच जागा लागते, तेलापुरती.
सात ओंडक्यांचं काय, ते मात्र दोघंही बोलत नाही.
फणस पाऊणशे वर्षांचा होता, म्हणाला.
त्याचं बिल करता येत नाही.

जाताना पिशवी घेतली, चेन घेतली,
चकती राहू दे म्हणाला.
की विसरला. मी हाक मारली नाही.

आता डब्यांवर मार्करने जाडी लिहिलीय, मोठ्या आकड्यात.
बाबा म्हणतात, दुकान शाळेसारखं दिसायला लागलं.
चकती काउंटरवरच आहे, पिवळी होती ती तांबूस होत चाललीय.
तिच्यावर व्हर्निअर ठेवला
की दुपारच्या सुमारास, कोणी नसताना,
ट्रक गेला की हादऱ्याने
तो बोटभर घसरतो, पातळ कडेकडे.
मी उचलून पुन्हा वर ठेवते.